एंडोस्कोपी नॉर्मल आली, मग अ‍ॅसिड घशात येतंय का हे कुठल्या टेस्टने कळतं?

सांजवारा:
बरेच महिने झाले, घसा सारखा खाकरावा लागतो, सकाळी आवाज बसलेला असतो आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, कितीही आवंढे गिळले तरी जात नाही. छातीत जळजळ मात्र अजिबात नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने बघितलं, म्हणाले स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला लाली आणि सूज आहे, अ‍ॅसिड वर येत असणार. पोटाच्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी केली तर ती एकदम नॉर्मल. आता कुणाचं खरं धरायचं? नाकात २४ तास नळी ठेवून टेस्ट करतात म्हणे, ती करावी का? मी शिकवते, सगळं आवाजावरच आहे, त्यामुळे खरंच काळजी वाटतेय.

रानवाट:
दोघांचंही बरोबर असू शकतं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला इजा झालीय का ते दिसतं, आणि घशाचा रिफ्लक्स (पोटातलं वर घशापर्यंत येणं) असलेल्या बऱ्याच जणांना तशी इजा नसतेच. आणि घशातली लाली म्हणाल तर ती अ‍ॅलर्जीने, खूप बोलून, नुसतं खाकरूनही येते, काहीच त्रास नसलेल्या लोकांतही दिसते. म्हणजे नक्की काय वर येतंय हे दोन्हींनी मोजलं जात नाही. ते मोजते ती तुम्ही म्हणताय तीच नाकातल्या नळीची २४ तासांची टेस्ट, तिला पीएच-इम्पीडन्स टेस्ट म्हणतात. त्यात अ‍ॅसिड तर कळतंच, पण अ‍ॅसिड नसलेलं पाणी किंवा गॅस वर आला तरी कळतं, आणि घशाच्या त्रासात हेच महत्त्वाचं, कारण पेप्सिन (पोटातला पाचक रस) त्याच्याबरोबरही वर येतं.

चांदणवेल:
मी केलीय ही टेस्ट. नाक बधिर करून पाण्याचे घोट घ्यायला लावतात आणि तेवढ्यात बारीक नळी आत सरकवतात, तेव्हा उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पण ते थोडाच वेळ. नंतर नळी गालाला चिकटवतात, मशीन कमरेला. जेवताना, आडवं होताना, खोकला आला की बटण दाबायचं. एक कळकळीने सांगते, त्या दिवशी नेहमीसारखंच खा आणि वावरा, घाबरून उपाशी राहिलात तर रिपोर्टला अर्थच राहत नाही.

सांजवारा:
खूप धीर आला. पण अ‍ॅसिडच्या गोळ्या चालू ठेवून टेस्ट करायची का बंद करून? आणि थुंकीची पेप्सिन टेस्ट सोपी वाटतेय, ती चालणार नाही का?

रानवाट:
निदान अजून पक्कं नसेल तर साधारण आठवडाभर गोळ्या बंद करून करतात, पण डॉक्टरांना विचारूनच, मनाने बंद करू नका. थुंकीतलं पेप्सिन दिवसभरात कमीजास्त होतं, तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. कॅप्सूलची टेस्ट पण असते, अन्ननलिकेत चिकटवतात, ९६ तासांपर्यंत मोजते, नाकात नळी नाही, पण ती फक्त अ‍ॅसिडच पकडते. रिपोर्टमध्ये अन्ननलिकेत अ‍ॅसिड किती टक्के वेळ होतं ते बघा, ४ च्या खाली नॉर्मल, ६ च्या वर असेल तर रिफ्लक्स नक्की, मधलं असेल तर बाकीचे आकडे बघून ठरवतात. सगळंच नॉर्मल आलं तर उगाच गोळ्या खात बसू नका, आवाजाच्या थेरपिस्टला दाखवा, शिकवणाऱ्यांमध्ये गळ्याच्या स्नायूंवर ताण येऊनही हुबेहूब असाच त्रास होतो. मधेच गिळायला त्रास, वजन घटणं किंवा थुंकीत रक्त असं काही दिसलं तर मात्र टेस्टच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा.