रंगाच्या आधी ओल

घर विक्रीला काढण्यापूर्वी सगळ्या भिंती रंगवून घ्याव्यात, ही नेहमी दिली जाणारी सूचना योग्यच आहे. मात्र गळती कुठून होते ते न शोधता ओल आलेल्या भिंतीवर रंग चढवला, तर ओलाव्याबरोबर वर येणारे क्षार थोड्याच काळात त्याचे पोपडे काढतात, आणि जाणकार ग्राहक तर एकाच भिंतीचा ताजा रंग पाहून नेमके तिथेच बोट ठेवतो. ओलीचा वास झाकायला मारलेल्या सुगंधी फवाऱ्यांनी ओलीचा संशय उलट बळावतो. एकाच खोलीत २७०० केल्विनचे (पिवळसर उजेडाचे) आणि ६५०० केल्विनचे (निळसर पांढऱ्या उजेडाचे) दिवे एकत्र लावू नयेत, कारण त्या मिश्र उजेडात चांगला रंगही मळकट भासतो. आवराआवर करताना भिंतीतली कपाटेही अर्धी रिकामी करावीत. ग्राहक ती उघडून पाहतातच, आणि त्यात गैर काही नाही.