मदत हवी आहे: शाळेची स्पेन सहल, एच-फोर व्हिसा आणि पुढच्या वर्षीचे विषय

नमस्कार मंडळी,

शुक्रवारपर्यंत शाळेला उत्तर द्यायचंय, म्हणून थोडं घाईतच लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक १५ वर्षांची, हायस्कूलला दहावीत. सातवीपासून स्पॅनिश शिकतेय, सध्या स्पॅनिश थ्री ऑनर्स, म्हणजे तिसऱ्या पातळीचा जरा अवघड वर्ग. पुढच्या एप्रिलमध्ये स्प्रिंग ब्रेकला स्पॅनिशच्या मुलांची नऊ दिवसांची सहल आहे: माद्रिद, तोलेदो, कोर्दोबा, सेव्हिया, ग्रानादा. पैशांचं आम्ही बघू. घोडं अडलंय ते पासपोर्टपाशी.

शाळेच्या फॉर्मवर पासपोर्टसाठी एकच ओळ आहे, नंबर आणि मुदत. अमेरिकन पासपोर्टवाल्या मुलांचं काम तिथेच संपतं, त्यांना ९० दिवसांपर्यंत स्पेनचा व्हिसाच लागत नाही. आमची लेक भारतीय पासपोर्टवर. तिला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, लागेल. ९० युरो फी, ३०,००० युरोंचा प्रवास विमा, आई-वडील दोघांची संमती, अर्ज सहा महिने आधीपासून, हे सगळं वाचून झालंय. कटकटीचं आहे पण होण्यासारखं आहे.

खरी भानगड परतीची. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, आम्ही दोघी त्याच्यामुळे कुटुंबीयांच्या एच-फोरवर. त्याचं एक्स्टेन्शन इथेच झालं, आम्हा दोघींचे मंजुरीचे कागद (आय-७९७) आलेत, त्यामुळे इथे राहायला काही अडचण नाही. पण पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसाचा स्टॅम्प गेल्या वर्षी संपला. कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन आलं तर संपलेल्या स्टॅम्पवरही परत येता येतं, स्पेनहून नाही. म्हणजे अल्हाम्ब्रा बघून सगळा वर्ग नेवार्कच्या विमानात बसणार आणि ही एकटी माद्रिदच्या काउंटरवर अडकणार.

सहलीच्या टीचरना हे समजावताना माझी दमछाक झाली. "व्हिसा संपलाय तर तुम्ही इथे कशा?" असं त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं. व्हिसा दारातून आत यायला लागतो, आत आल्यावर किती दिवस राहायचं ते आय-९४ ही प्रवेशाची नोंद ठरवते, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. बिचाऱ्यांनी वहीत लिहून घेतलं.

पूर्वी लोक वाटेत तिसऱ्याच देशात स्टॅम्पिंग उरकून यायचे. सप्टेंबर २०२५ पासून मायदेशात किंवा जिथे राहता तिथेच अर्ज करा असा नियम झालाय. ड्रॉपबॉक्सही (मुलाखतीशिवाय नुसते कागद देऊन स्टॅम्पिंग) आमच्यासाठी बंद, म्हणजे मुलाखत आलीच. तेव्हा एकच रस्ता दिसतो: जूनअखेर शाळा सुटली की मी आणि लेकीने पुण्याला जायचं, मुंबईला मुलाखत द्यायची, नवऱ्याने इथेच थांबायचं. पण डिसेंबर २०२५ मध्ये सोशल मीडिया तपासणी सुरू झाली तेव्हा लोकांच्या तारखा कशा महिनोन् महिने पुढे गेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आमची गेली तर लेकीचं अकरावीचं वर्ष आजीच्या घरातून सुरू होणार. नऊ दिवसांच्या सहलीसाठी एवढी जोखीम? नवऱ्याच्या मते शुद्ध वेडेपणा. मला तसं ठामपणे म्हणवत नाही.

कारण पोरीला ही भाषा खरंच आवडते. स्पॅनिशमधला 'त' आपल्या 'त'सारखा दातांवर जीभ टेकवून म्हणतात. वर्गातली मुलं 'ट' म्हणतात, हिचा पहिल्या दिवसापासून बरोबर. मग 'मे गुस्ता' आलं. इंग्रजीत 'मी आंबा आवडतो' अशी रचना, म्हणून पोरं गडबडतात. ही घरी येऊन म्हणाली, "आई, हे तर मराठीच आहे!" मे गुस्ता एल मांगो, मला आंबा आवडतो. मे गुस्तान लोस मांगोस, मला आंबे आवडतात. क्रियापदसुद्धा आंब्याप्रमाणेच बदलतं. तेव्हापासून मेक्सिकन दुकानात कोथिंबीर घ्यायला तिलाच पुढे करते. दुकानातल्या मावशी तिच्याशी बोलतात आणि मी पिशवी धरून उभी.

दुसरा प्रश्न विषयांचा. काउन्सेलरचा फॉर्मही याच आठवड्यात द्यायचाय. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला इंग्रजीचे २० क्रेडिट लागतात, म्हणजे चारही वर्षं. परक्या भाषेचे मात्र पाचच, ते कधीच झालेत. म्हणून बाबांचा आग्रह: स्पॅनिश सोड, कॉम्प्युटर सायन्स घे. तिला स्पॅनिश फोर ऑनर्स आणि बारावीत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, स्पॅनिश करायचंय. शिवाय इंग्रजीच्या टीचरनी एपी लँग्वेज सुचवलंय. परीक्षेत ४५ बहुपर्यायी प्रश्न आणि तीन निबंध असतात म्हणे. निबंधाबाबत मला मत देण्याचा अधिकार नाही. आमचं इंग्रजी पाचवीपासून, आणि निबंध म्हणजे गाइडातला 'पावसाळ्यातील एक दिवस' पाठ करून ओतायचा. हिने लिंकनच्या गेटिसबर्गच्या भाषणावर चार पानं लिहिली, भाषण स्वतः जेमतेम पावणेतीनशे शब्दांचं. समासात टीचरचा शेरा: त्याने काय केलं ते सांगितलंस, का केलं ते कुठे आहे? मला तो शेरा फार आवडला, तिला अर्थातच नाही.

तर विचारायचंय ते असं. एच-फोरवरच्या मुलांना शाळेच्या सहलीला युरोपात पाठवलेलं कोणी आहे का? उन्हाळ्यात मुंबईला फक्त आई आणि मुलाचं स्टॅम्पिंग केलेलं कोणी? आणि अकरावीत एपी लँग्वेजबरोबर स्पॅनिश फोर झेपतं का, की रात्रीचा एक वाजतो?

जाता जाता अजून एक. दोन भाषा येणाऱ्यांना डिप्लोम्यावर सील ऑफ बायलिटरसी मिळतं. ते कोणी मराठीची परीक्षा देऊन मिळवलंय का? आमची वाचते बरं, पण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा आनंद आहे.

अपडेट, बुधवार रात्र: सगळ्यांचे आभार. बऱ्याच जणांनी सुचवलं म्हणून सहलीच्या कंपनीला फोन केला. व्हिसा मिळाला नाही तरी डिपॉझिट परत नाही. कोणत्याही कारणाने रद्द करता येणारा विमा नाव नोंदवतानाच घेतला तर काही भाग मिळतो. ज्यांनी "लेकीलाच सगळं सांगा" असं लिहिलं त्यांचंही ऐकलं. जेवताना कागदावर तारखा मांडून तिला दाखवल्या. तिने पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे जुलैत आजीकडे नक्की ना?" स्पेनचं पुढे काहीच बोलली नाही. स्पॅनिश फोरवर मात्र स्वतःच पेनाने खूण केलीये, बाबांनी अजून पाहिलेलं नाही.

मुंबईची जुलैची तारीख हल्ली कोणाला मिळाली असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, उद्या रात्रीपर्यंत.