मदत हवी आहे: बर्फाच्या उतारावर फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीची मागची बाजू कशी सावरावी?

नमस्कार. येत्या हिवाळ्यात मला फ्रंट व्हील ड्राइव्हची (इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळणारी), हाताने गिअर बदलण्याची छोटी गाडी घेऊन बर्फ साचलेल्या घाटरस्त्याने वरचेवर ये-जा करावी लागणार आहे. गाडीत बहुतेक वेळा घरातील वयस्कर माणसे असतील. त्यामुळे ज्यांनी अशी गाडी बर्फात प्रत्यक्ष चालवली आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

सपाट रस्त्याची मला फारशी चिंता वाटत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असल्याने रिकाम्या गाडीच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या चाकांवर येतो आणि गाडीला ओढणारी चाकेही तीच असल्याने जागेवरून निघताना पकड बऱ्यापैकी मिळते. चढावर मात्र वजन मागे सरकते आणि नेमकी ओढणारी चाके हलकी होतात. फारच अडचण झाली तर थोडे अंतर रिव्हर्समध्ये चढावे, हा उपाय मला पटतो, कारण तेव्हा ओढणारी चाके उताराच्या बाजूला येतात.

माझी खरी शंका उताराची आहे. खालच्या गिअरमध्ये एक्सलरेटर सोडला की इंजिनाचा रोध फक्त पुढच्या चाकांवर येतो, आणि वळण घेण्याचे कामही त्याच चाकांना करायचे असते. टायरची एकूण पकड मर्यादित असते. ती रोधात खर्च झाली तर वळायला उरत नाही आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. दुसरीकडे, उतारामुळे हलकी झालेली मागची चाके बाजूला सरकून गाडी आडवी होण्याची भीतीही आहे. अशा वेळी क्लच दाबून चाके मोकळी फिरू द्यावीत, की अगदी हलका एक्सलरेटर देऊन गाडी पुढे ओढून घ्यावी? मागची बाजू सुटल्यावर दुसरा मार्ग योग्य असे मला वाटते, पण तीव्र उतारावर वेग वाढवण्याचे धाडस कितपत करावे, हे कळत नाही.

बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायच्या साखळ्यांबाबतही हाच पेच आहे. अशा गाडीत त्या सहसा पुढच्या चाकांनाच लावतात. मग पुढे भक्कम पकड आणि मागे जवळपास काहीच नाही, अशा स्थितीत उतारावर ब्रेक लावल्यास मागची बाजू अधिकच सहज सुटणार नाही का? याच कारणाने केवळ पुढे दोन हिवाळी टायर बसवण्याचा सल्ला मला धोकादायक वाटतो. डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह (बर्फासाठी तपासलेल्या टायरची खूण) असलेले चारही टायर घेण्याचे मी ठरवले आहे. साध्या उन्हाळी टायरचे रबर तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर कडक होऊ लागते, तेव्हा या खर्चात काटकसर नको.

कृपया चारही चाके ओढणारी गाडी घेण्याचा सल्ला देऊ नये. ती निघायला आणि चढायला निश्चितच सरस असते, पण ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात आणि थांबण्याचे अंतर मुख्यतः टायरवर ठरते.

आणखी एक छोटा प्रश्न: भुसभुशीत बर्फात गाडी रुतल्यास बाहेर काढण्यापुरते ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरून नुसते फिरू लागले की ते आपोआप रोखणारी यंत्रणा) बंद करावे, असे म्हणतात. आपण तसे केले आहे का, आणि त्याचा उपयोग झाला का? उत्तर देताना टायर कोणते होते, साखळ्या होत्या की नाही आणि बर्फ ताजा होता की दबून गुळगुळीत झालेला, हे आवर्जून लिहावे.