बाबा कलमावरून पडले, ऑपरेशन की पट्टा?

प्रश्न: काल संध्याकाळी आंबे काढताना पडले, रत्नागिरीत एमआरआय झाला, मणका मोडून मज्जारज्जूवर दाब आलाय, उजव्या पायाचा अंगठा तेवढा जरासा हलतो. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, काका म्हणतात पट्टा बांधून झोपवून ठेवा. काय करू?

प्रतिसाद १: अंगठा हलतोय म्हणजे आशा आहे हो! दाब शक्यतो २४ तासांत काढलेला बरा, आजच ठरवा.

प्रतिसाद २: मणका स्थिर असेल नि दाब नसेल तर पट्टा पुरतो, माझ्या भावाला पुरला. तुमचं तसं नाहीये.

प्रतिसाद ३: ऑपरेशनने तुटलेल्या नसा जुळत नाहीत, दाब निघतो नि स्क्रूंनी मणका पक्का होतो, हे काकांना नीट सांगा. आणि दर २ तासांनी कूस बदला, तिघांनी मिळून अख्खं अंग एकदम, आम्ही त्यात कमी पडलो नि आईच्या माकडहाडापाशी बेडसोर, म्हणजे एका जागी पडून राहिल्याने होणारी जखम, झाला, तो भरायला महिने गेले.