"अडीचशे ग्रॅमच्या खाली सगळं माफ" हे कोणी सांगितलं?

फवारणीवाला
काल इथे एकाने ठोकून दिलं की ड्रोन २५० ग्रॅमच्या आत असेल तर कुठेही उडवा, कोणी विचारत नाही, नोंदणी वगैरे फवारणीवाल्यांची कटकट. खाली अंगठ्यांचा पाऊस. वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

२०२१ च्या ड्रोन नियमांत नॅनोला, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, पायलट सर्टिफिकेट लागत नाही, टाइप सर्टिफिकेट (मॉडेल तपासून दिलेली मान्यता) लागत नाही, विम्याचीही सक्ती नाही. इथपर्यंत बरोबर. पण रेड झोन, म्हणजे केंद्राच्या परवानगीशिवाय उडवायला बंदी असलेला भाग, नॅनोलाही रेडच. ग्रीनमध्ये, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या भागात, ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. त्याहून जवळ गेलात तर परवानगीशिवाय एक इंचही वर नाही.

आणि वजन म्हणजे उडताना असेल ते एकूण वजन. खोक्यावर २४९ लिहिलेलं दाखवायचं आणि वर पंख्यांचे गार्ड लावायचे, मोठी बॅटरी घालायची. झाला की तो मायक्रो, म्हणजे पुढच्या वर्गातला. मायक्रोवर पैसे घेऊन लग्न शूट केलंत की रिमोट पायलट सर्टिफिकेट पाहिजेच.

माझा ड्रोन स्मॉल वर्गातला, दहा लिटरची टाकी भरली तरी २५ किलोच्या आत. यूआयएन (नोंदणीचा नंबर) आहे, सर्टिफिकेट आहे, विमा भरलेला आहे. मागच्या हंगामात उसाच्या फडात काम चालू असताना दहा-बारा माणसं काठ्या घेऊन आली, "रात्री गावावर फिरतो तो हाच" म्हणून. पोलीस आले, पंखाजवळचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, लोकांना परत पाठवलं. कागद नसते तर ड्रोनही गेला असता आणि मीही.

लग्नघर_फ्रेम
नियम पाठ आहेत तुम्हाला, आमचा धंदा माहीत नाही. लग्नाच्या लाइनीत चालतात ते बहुतेक ड्रोन चिनी. ९ फेब्रुवारी २०२२ ला तयार ड्रोनची आयात बंद झाली. यूआयएन काढायला गेलं की टाइप सर्टिफिकेटचा नंबर मागतात, तो या मॉडेलांना नाही. नोंदणीची फी १०० रुपये. अहो, हजार भरतो! पण फॉर्म पुढेच सरकत नाही त्याचं काय करू?

गिऱ्हाइकाला नवरदेवाची एंट्री वरून पाहिजे. मी नाही म्हटलं तर शेजारच्या तालुक्यातला येतो आणि पूर्ण ऑर्डर घेऊन जातो. तुमच्यासारख्यांना सरकारी योजना आहेत. ड्रोन दीदी योजनेत ८० टक्के अनुदान, ८ लाखांपर्यंत. फोटोग्राफरला काय दिलं कोणी?

काळा_कोट
अनुदान बचत गटांना आहे, धागाकर्त्यांना नाही. ते सोडा. ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत देशात आलेल्या ड्रोनसाठी नियमांतच वाट होती. जीएसटीचं बिल आणि आधीचा डॅन नंबर (ड्रोन असल्याचं सरकारला कळवल्याची पोच) असेल तर यूआयएन मिळत होता. त्या वेळी किती फोटोग्राफर पुढे आले? दंड एक लाखापर्यंत आहे, तो ड्रोनच्या किमतीहून जास्त होऊ शकतो, एवढं लक्षात ठेवा.

लग्नघर_फ्रेम
बिल! वकीलसाहेब, दुकानदाराने बिल दिलं असतं तर मागे लागलो असतो का कोणाच्या? पैसे रोख मोजून घेतले आणि कोऱ्या कागदावर "कॅमेरा सामान" लिहून दिलं. तेव्हा गावागावात असंच विकत होते आणि कोणी अडवत नव्हतं. आता शिक्षा आम्हालाच.

गच्चीवरची
तुमच्या बिलांचं तुम्ही बघा. मला एकाने उत्तर द्या. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालत होते. अंगावर जुना गाऊन, डोक्याला पंचा. समोरच्या मंगल कार्यालयातला ड्रोन येऊन कठड्याच्या उंचीवर थांबला. थांबलाच! खालचा काचेचा गोळा माझ्याकडे वळलेला स्पष्ट दिसत होता. चौकीत गेले तर विचारतात, "ड्रोनचा नंबर काय होता?" मला त्या भिरभिरणाऱ्या वस्तूवरचा नंबर दिसणार होता? तुमचं ते यूआयएन कागदावर छान आहे, खाली उभ्या असलेल्या बाईला त्याचा उपयोग शून्य.

लग्नघर_फ्रेम
ताई, तो तुमच्याकडे बघतच नसेल. वरात कुठून येते ते बघायला आम्ही थांबवतो असं.

गच्चीवरची
हेच! "बघतच नसेल." तुमच्या कार्डात काय साठलं ते मला कसं कळणार? तुमच्या घरातल्या बाईवर येऊन थांबला असता तर हेच म्हणाला असता का? आणि ताई म्हणू नका, आधी उत्तर द्या.

माळरान
+१. आमच्याकडे रात्री आकाशात लाल-हिरवे दिवे दिसले की लोक महिना महिना जागतात. कोण उडवतं, कशाला, पत्ता नाही. पोलिसांनाही नाही.

काळा_कोट
गच्चीवरची यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं खापर नोंदणीवर फोडू नका. नियमांत थेट मागोवा देणारा बीकन, जिओफेन्सिंग (ठरलेल्या हद्दीबाहेर ड्रोन जाऊ न देणं), परवानगी नसेल तर उड्डाणच नाही, अशी सोय पुढे सक्तीची करण्याची तरतूद आहे. सरकारने ती अधिसूचित केल्यावर किमान सहा महिने मुदत द्यायची, असंही लिहिलंय. पण नोंदलेला मालकच नसेल तर बीकन कोणाचा पत्ता देणार?

गच्चीवर टिपलं असेल तर तो वेगळा गुन्हा ठरू शकतो, ड्रोन असो वा मोबाइल. वेळ लिहून ठेवा, कार्यालयाचं बुकिंग कोणाचं होतं ते विचारा. त्यांच्याकडे फोटोग्राफरचं नाव असतं.

सह्यकडा
गडांचंही बोला. सरकारच्या ड्रोन नकाशात ग्रीन दिसलं की रायगडावर उडवायला मोकळे, असं समजणारे दर रविवारी भेटतात. स्मारक पुरातत्त्व खात्याचं असेल तर परवानगी वेगळी, अभयारण्यात वन खात्याची वेगळी. कड्यात गिधाडांची घरटी असतात, त्यांच्यासमोर हे यंत्र घेऊन जातात. वजन किती का असेना.

माळरान
आणि शहरात पोलीस आयुक्तांचा मनाई हुकूम निघाला की ग्रीनही बंद. मुंबईत तर सारखेच निघतात. सामान्य माणसाने रोज काय काय वाचायचं?

फवारणीवाला
रोज नाही, उडवायच्या दिवशी. तात्पुरता रेड झोन एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांचा, तो नकाशावर कळतो. मनाई हुकूम स्थानिक ठाण्यात कळतो. मी फवारणीच्या आदल्या दिवशी ठाण्यात फोन करतो. ग्रीनमध्ये तो बंधनकारक नाही, तरी करतो, कारण काठ्या घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

लग्नघर_फ्रेम, आयातबंदीबद्दल तुमचं दुखणं खरं आहे. विकलं तेव्हा अडवलं नाही आणि वापरताना पकडतात, हे चूकच. त्यासाठी संघटनेतून निवेदन द्या, सही करायला मी येतो. पण म्हणून "कोणी विचारत नाही" असं नव्या पोरांना शिकवू नका.

लग्नघर_फ्रेम
ते मी लिहिलं नव्हतं. निवेदनाचं बघतो. कार्यालयाशेजारच्या गच्च्यांना आधी सांगायचं, हेही मान्य, त्याला पैसे पडत नाहीत. दंडाचं मान्य नाही. ज्याची नोंद तुम्ही करूनच घेत नाही, त्याच्यावर लाखाचा दंड कसला?

गच्चीवरची
सांगायचं नाही. विचारायचं.