मुलाच्या कॉलेजची फुटबॉल टीम दोन सीझन एकही मॅच जिंकली नाही, आता टीम बंद करतील का?

ओहायोतला_बाप

मंडळी नमस्कार. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हे आधीच सांगतो नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात मेस्सी येईल.

मुलगा इथल्या एका छोट्या कॉलेजात सेकंड इयरला आहे. डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांची सगळ्यात खालची पातळी, सगळी मिळून दीड हजार पण पोरं नसतील. नाव देत नाही, त्याला कळलं तर महिनाभर बोलणार नाही माझ्याशी. तो लाँग स्नॅपर आहे, म्हणजे पंट (बॉल लांब लाथाडून समोरच्यांना देणं) किंवा फील्ड गोलच्या (लाथेने बॉल गोलपोस्टमधून मारणं) वेळी वाकून पायांच्या मधून बॉल मागे फेकतो तो. अशी वेगळी पोझिशन असते हे मलाही तो टीममध्ये गेल्यावरच कळलं.

गेल्या सीझनला ०-१०, म्हणजे शून्य जिंकल्या दहा हरल्या, यंदा परत ०-१०. त्याच्या आधीच्या वर्षी म्हणे एक जिंकलेली. पहिल्या वर्षी मी प्रत्येक होम मॅचला गेलो, यंदा दोनदाच गेलो कारण खरं सांगायचं तर बघवत नाही, पहिल्या क्वार्टरमध्येच २१-० होतं आणि मग स्टँडमध्ये सगळे आईबाप एकमेकांच्या नोकरीची चौकशी करत बसतात. ते पण एकवेळ चालेल, पण ऑक्टोबरपासून लाइनमनच (पुढच्या रांगेत धक्के देणारे-घेणारे धिप्पाड) उरले नाहीत म्हणून ह्याला गार्ड, म्हणजे त्या रांगेतलाच एक, म्हणून उभा केला. १९० पाउंडाचा मुलगा, समोर २८० चा. नशिबाने बोटावरच निभावलं.

आता कोच राजीनामा देऊन गेला आणि अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटचं ईमेल आलंय की 'प्रोग्रामचा आढावा' घेणार आहेत. बायको म्हणते बरंच झालं, बंद होऊ दे. मुलगा गप्प आहे. मला विचारायचं हे की असल्या टीमचं पुढे काय होतं, आणि बंद झाली तर त्याला फीमध्ये जी सवलत मिळालीये ती जाते का? कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

चौथा_डाउन

काका, सलग हरणं हे छोट्या कॉलेजांत तुम्हाला वाटतंय तेवढं दुर्मिळ नाहीये. इंडियानातल्या रिचमंडला अर्लहॅम कॉलेज आहे, क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं, त्यांची टीम ऑक्टोबर २०१३ मध्ये एक मॅच जिंकली आणि त्यानंतर सलग ५३ हरली. त्रेपन्न! डिव्हिजन थ्रीचा रेकॉर्ड आहे तो. २०१८ चा सीझन संपल्यावर कॉलेजने फुटबॉल स्थगित केला. म्हणजे २०१४ ला जी पोरं फ्रेशमन (पहिल्या वर्षाची) म्हणून आली ती चार वर्षं खेळून डिग्री घेऊन बाहेर पडली आणि एकही मॅच जिंकलेली नाही, विचार करा.

त्यांच्याआधी हा रेकॉर्ड मिनेसोटातल्या मॅकॅलेस्टरचा होता, १९७४ ते १९८० सलग ५० हार. मजा म्हणजे त्यांनी टीम बंद नाही केली. १९८० ला माउंट सेनारिओ नावाच्या कॉलेजशी ११ सेकंद उरलेले असताना फील्ड गोल मारून १७-१४ जिंकले. आज पण खेळतायत.

त्यामुळे नुसतं ०-१० वरून काही सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर स्कोअरबोर्ड बघूच नका, सराव करायला धडधाकट पोरं किती येतात ते बघा. आयोवातलं ग्रिनेल घ्या. कॉलेजकडे पैसा बक्कळ, एंडोमेंट (देणग्यांचा साठवलेला निधी) दोन अब्ज डॉलरच्या वर आहे. पण २०१९ ला टीममध्ये पोरं होती फक्त ३९, तीन मॅच झाल्या, तिन्ही हरले आणि तोपर्यंत खेळण्यालायक उरले २८. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच उरलेला सीझन रद्द. हरले म्हणून नाही, २८ पोरांत ऑफेन्स, डिफेन्स आणि स्पेशल टीम्स (लाथा मारायच्या वेळची वेगळी तुकडी) चालवायची म्हणजे दमलेली पोरं दोन्हीकडून खेळणार आणि मोडणार म्हणून. तुमच्या मुलाला गार्ड केला ना, ती ह्याचीच पहिली पायरी.

शार्दूल_८८

ग्रिनेलचं नाव निघालं म्हणून अवांतर. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला पहिली कॉलेज फुटबॉल मॅच झाली १८८९ ला, ती ग्रिनेलनेच जिंकलेली, आयोवा युनिव्हर्सिटीला २४-० धुतलं होतं. हो, तेच आयोवा ज्यांच्या स्टेडियममध्ये आता जवळपास ७० हजार लोक बसतात.

आणि तुम्ही ओहायोतलेच, तर ओबर्लिन ऐकलंच असेल. १९२१ ला त्यांनी ओहायो स्टेटला ७-६ हरवलं आणि त्यानंतर आजपर्यंत ओहायोतल्या दुसऱ्या कुठल्याच टीमला ते जमलेलं नाही. हेच ओबर्लिन पुढे सलग ४४ मॅच हरलं, २००१ मध्ये केनियनला हरवून सुटले एकदाचे.

नीलिमा_प

ओहायोतला_बाप, आधी फीचं सांगते म्हणजे झोप लागेल तुम्हाला. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, नियमच आहे तो. तुमच्या मुलाला जी सवलत आहे ती मेरिटची किंवा घरच्या उत्पन्नावरची असणार, मग टीम बंद झाली किंवा तो स्वतः सोडून आला तरी ती जात नाही. फक्त अवॉर्ड लेटर (सवलतीचं पत्र) काढून जीपीएची, म्हणजे सरासरी मार्कांची, अट काय आहे ते वाचा. आमच्याकडे मोठ्याने फुटबॉल सोडला तेव्हा आम्ही पण असेच घाबरलेलो, काही झालं नाही.



दुसरं, चौथा_डाउन म्हणतायत ते बरोबर आहे पण नुसता आकडा पण फसवतो. कॉलेजच्या साइटवर रोस्टर (खेळाडूंची यादी) असतं, त्यात कोण कुठल्या वर्षाला आहे ते दिलेलं असतं. सीनियर (शेवटच्या वर्षाचे) किती आणि फ्रेशमन किती ते मोजा. आमच्या मोठ्याच्या टीममध्ये नव्वदच्या वर पोरं होती, आम्ही खूश, पण त्यातले निम्म्याहून जास्त फ्रेशमन आणि सीनियर हाताच्या बोटांवर. म्हणजे दरवर्षी पोरं आणायची, फी घ्यायची, ती कंटाळून सोडून जाणार, मग नवीन आणायची. रिक्रूटिंगच्या वेळी कोच इतका गोड बोलत होता की काय सांगू. ज्या टीममध्ये पोरं चौथ्या वर्षापर्यंत टिकतात ती हरत असली तरी सावरते.

ओहायोतला_बाप

नीलिमाताई खूप आभार, लेटर काढून वाचलं, खेळाचा उल्लेख कुठेच नाही. जिवात जीव आला.

रोस्टर मोजलं आत्ता. ५८ नावं. फ्रेशमन ३१, सीनियर ६. त्या सहातला एक किकर आहे. मुलाला विचारलं तर म्हणाला ह्या ५८ मधले सीझन संपेपर्यंत रोज येणारे चाळीसेक. मी काय बोलणार.

गुरुनाथ_सेंट_पॉल

मी उलट बाजू मांडतो. टीम राहणार की जाणार हे टीमवर नाही, कॉलेजच्या गरजेवर असतं. दोन जातीची कॉलेजं असतात. एक, ज्यांना पोरं मिळत नाहीत. त्यांना फुटबॉल म्हणजे एका झटक्यात शंभर मुलगे, शंभर फिया, भरलेली हॉस्टेलं. ही कॉलेजं फुटबॉल बंद तर सोडाच, नव्याने चालू करतात. दुसरी, ज्यांच्या दारात रांग आहे. तिथे फुटबॉलची साठ-सत्तर पोरं म्हणजे साठ-सत्तर सीट अडकल्या, आणि प्रोफेसर मंडळी कुरकुर करतात.

पेनसिल्व्हेनियातलं स्वार्थमोर दुसऱ्या जातीचं. तिथे सलग २८ मॅच हरण्याची साखळी १९९९ ला तुटली, २००० चा सीझन आधीपेक्षा बराच बरा गेला, आणि त्याच डिसेंबरला कॉलेजने फुटबॉल बंद केला. टीम सुधारत असताना! कारण सीटचा हिशोब. कॅलिफोर्नियातलं ऑक्सिडेंटल, ओबामा पहिली दोन वर्षं जिथे होते ते, तिथे २०१७ ला पोरं कमी पडून सीझन मध्येच थांबवला, तरी परत उभे राहिले आणि शेवटी २०२० ला बंद केलाच.

तेव्हा तुमचं कॉलेज कुठल्या जातीचं ते आधी बघा. पहिल्या जातीचं असेल तर टीमपेक्षा कॉलेजचीच काळजी करा असं मी म्हणेन. मिशिगनमधलं फिनलँडिया २०२३ ला आख्खं बंद झालं, फुटबॉल टीमसकट. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न ३१ मे २०२४ ला कायमचं बंद झालं तेव्हा त्यांची बेसबॉल टीम तुमच्याच ओहायोत, ईस्टलेकला, डिव्हिजन थ्रीची वर्ल्ड सिरीज खेळत होती. कॉलेज नाही आणि टीम मैदानात.

चौथा_डाउन

गुरुनाथ, पटलं पण अर्धंच. अर्लहॅमला पोरांची गरज होतीच की, तरी थांबवावं लागलं. माझ्या मते एका मर्यादेखाली टीम गेली की पोरं आणण्याचं कामही ती करेनाशी होते, ५३ हरलेल्या टीममध्ये यायला कुठला सतरा वर्षांचा पोरगा तयार होईल.

आणि लीग पण बघा ना. काही ठिकाणी वरचा आणि खालचा ह्यांत काही ताळमेळच नसतो. २०१७ ला मिनेसोटात सेंट थॉमसने सेंट ओलाफला ९७-० हरवलं, एकाच लीगमधल्या टीम ह्या! २०१९ मध्ये बाकीच्यांनी मिळून सेंट थॉमसला लीगमधून बाहेर काढलं, म्हणजे जिंकतो म्हणून हाकलला. ते २०२१ पासून थेट डिव्हिजन वनला खेळतात. तुमच्याकडे माउंट युनियन आहे, तेरा वेळा नॅशनल चॅम्पियन. अशांच्या लीगमध्ये असाल तर ५८ पोरांनी करायचं काय.

ट्रिपल_ऑप्शन_भक्त

मी अशाच एका गरीब टीमचा तीन वर्षं स्टुडंट मॅनेजर होतो, पाण्याच्या बाटल्या आणि व्हिडिओ कॅमेरा. फार मोठ्या गोष्टी माहीत नाहीत पण नवीन कोच आला की तुम्ही काय बघायचं ते सांगतो.

पहिल्या मीटिंगला तो 'कल्चर' वर अर्धा तास बोलला तर सोडून द्या. लाइनमन कुठून आणणार हे विचारा. क्वार्टरबॅक (बॉल घेऊन चाल ठरवणारा) आणि रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा) मिळतात हो, प्रत्येक हायस्कूलमध्ये असतात. २७० पाउंडाचा, पायाने चपळ आणि वर्गात पास होणारा मुलगा मिळत नाही, मिळाला तर त्याला स्कॉलरशिप देणारं कोणीतरी आधीच घेऊन गेलेलं असतं. म्हणून हुशार कोच अशा ठिकाणी ट्रिपल ऑप्शन नावाची खेळायची पद्धत आणतात. त्यात लाइनमन लहान असले तरी चालतं कारण डिफेन्सच्या एक-दोन पोरांना ब्लॉकच करायचं नसतं, त्यांच्या हालचालीवर क्वार्टरबॅक ठरवतो बॉल द्यायचा की स्वतः पळायचं. शिवाय सारखं पळत राहिलं की घड्याळ चालू राहतं, समोरच्या टीमच्या हातात बॉल कमी वेळ. आर्मी-नेव्हीच्या (लष्करी अकादमींच्या) टीम ह्याच्यावरच जगल्या, डिव्हिजन थ्रीत मॅसॅच्युसेट्सचं स्प्रिंगफील्ड कॉलेज वर्षानुवर्षं हेच करतंय. आमच्या कोचने आणलं तेव्हा पहिल्या वर्षी फम्बलच फम्बल (हातातून बॉल निसटणं), कॅमेऱ्यामागे मी डोळे मिटून घ्यायचो. दुसऱ्या वर्षी हरलो पण दहा-चौदा पॉइंटनेच हरायला लागलो, आणि पोरं नोव्हेंबरपर्यंत यायला लागली हा खरा फरक.

दुसरं म्हणजे लीगबाहेरच्या मॅच कोणाशी ठरवल्यात ते बघा. पहिल्या दोनच असतात बहुतेक, त्यांत आपल्यासारखाच कोणी बिचारा शोधायचा. आधीच्या कोचने तिथे तगड्या टीम घेतल्या असतील तर तो एकतर शूर होता नाहीतर त्याचं लक्ष नव्हतं.

आणि गार्डचं: स्नॅपरला गार्ड करणं बंद झालं पाहिजे, ते मात्र तुम्ही विचाराच. मुलाला आवडणार नाही तरी विचारा.

शार्दूल_८८

+१ गार्डबद्दल. बोटावर निभावलं हे खरंच नशीब.

टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यूचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ते छोटं कॉलेज नाही आणि डिव्हिजन पण वरची, पण १९८९ ते १९९८ सलग ८० हार, अख्ख्या कॉलेज फुटबॉलमध्ये एवढं कोणी हरलेलं नाही. मध्ये १९९० ला पैशाच्या भानगडीमुळे टीम बंदच होती आणि परत चालू केली ती बिनास्कॉलरशिपची. १९९८ ला लँगस्टनला १४-१२ ने हरवून सुटले. आणि २००९ ला त्याच प्रेअरी व्ह्यूने लीग जिंकली.

नीलिमा_प

शार्दूल, अकरा वर्षं लागली रे त्याला, ह्यांच्या मुलाकडे दोन आहेत.

ट्रान्सफरचं पण बघून ठेवा हं. खेळाचं ठीक आहे पण क्रेडिट किती घेतील हा खरा प्रश्न असतो, आमची नऊ क्रेडिट बुडाली. त्याला कॉलेज आवडतं का, म्हणजे फुटबॉल वजा करून? ते आधी विचारा.

ओहायोतला_बाप

विचारलं काल. कॉलेज आवडतं म्हणाला, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम मिळालंय, मित्र आहेत. ट्रान्सफर नको. बायको हे ऐकून गप्प बसली, म्हणजे अर्धी लढाई झाली.

नवीन कोच जानेवारीत येणार असं पोरांमध्ये चाललंय, आढाव्याचं अजून काही कळलेलं नाही. गुरुनाथ, तुमच्या हिशोबाने आमचं कॉलेज पहिल्या जातीचं, हॉस्टेलचा एक मजला रिकामा आहे म्हणे. त्यामुळे टीम राहील असं वाटतंय आणि त्याचीच आता वेगळी काळजी. कोचला लाइनमनचं आणि गार्डचं मी विचारणार होतो, मुलगा म्हणाला तुम्ही नाही, मी विचारीन, तुम्ही ईमेल केलं तर मी टीम सोडेन. बरं म्हटलं.

मग त्याला हा धागा न दाखवता नुसताच मॅकॅलेस्टरचा किस्सा सांगितला, पन्नास हार, ११ सेकंद, फील्ड गोल. फोनमधून मान वर काढली त्याने आणि एवढंच विचारलं, "स्नॅप कोणी केला होता?"