चिकट झालेली स्पोर्ट्स कारची बटणं: टिकाऊ पर्याय कशात बनवावा?

मिडइंजिन

नमस्कार मंडळी. माझ्याकडे नव्वदच्या दशकाच्या अखेरची दोन सीटांची इटालियन गाडी आहे. इंजिन, गिअरबॉक्स ठणठणीत, पण आतल्या बटणांची पार वाट लागली आहे. खिडक्यांचे स्विच, एसीची बटणं, हजार्ड, सगळ्यांवरचा तो मऊ रबरी काळा लेप चिकट झालाय. बोट टेकवलं की ठसा बटणावर आणि काळा रंग बोटावर. मागच्या काचेच्या डीफॉगरच्या बटणावर तर नागमोडी रेषांभोवतीचा लेपच निघून गेलाय. रात्री दिवे लावले की तिथे चिन्हाऐवजी पांढरा डाग चमकतो.

नवीन सुटं बटण मागवून पाहिलं. सीलबंद पिशवीतून काढलं तर तेही चिकट! म्हणजे वापरामुळे झालं असं म्हणायचीही सोय नाही.

याच मॉडेलचे आम्ही काही मालक मिळून थोड्या नगांची बॅच काढायचं म्हणतोय. थ्रीडी प्रिंट, अ‍ॅल्युमिनियम की जुनीच बटणं सोलून पुन्हा रंगवायची? दिसायला मूळ बटणासारखी हवीत, रात्री चिन्हं उजळली पाहिजेत आणि पुन्हा दहा वर्षांनी हीच रड नको.

टॉर्कराव

अ‍ॅल्युमिनियमची करून टाका की! आयुष्यभर बघायला नको.

रंगारी

आधी जुनी सोलून बघा, स्वस्तात काम होतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या, ते कापड बटणावर थोडा वेळ दाबून धरा. लेप फुगतो, मग हलक्या हाताने पुसायचा. पट्टीने खरवडू नका, खालच्या प्लास्टिकवर पडलेली रेघ रंगाखालूनही दिसते. अ‍ॅसिटोन तर अजिबात नको. खाली एबीएस प्लास्टिक असेल तर विरघळेल, पॉलिकार्बोनेट असेल तर तडे जातील.

मग अ‍ॅलिफॅटिक हार्डनरचा टू-के (रंग आणि हार्डनर असे दोन भाग मिसळायचा) मॅट पॉलियुरेथेन रंग. अ‍ॅरोमॅटिक हार्डनर उन्हात पिवळा पडतो, तो घेऊ नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यामुळे ताजी हवा पुरवणारा मास्क घालूनच फवारा, साध्या कापडी मास्कचा उपयोग नाही. पांढऱ्या पारभासी बटणावर काळा रंग मारून चिन्हापुरता तो लेझरने उडवला की रात्री छान उजळतं. कारखान्यातही अशीच करतात.

साचेवाला

रंगारींनी सांगितलेली रीत बरोबर आहे आणि एकाच गाडीपुरतं काम असेल तर मीही तेच करीन. पण तुम्ही बॅच काढताय. मग मुळावरच घाव घाला. माझं मत सरळ आहे: बोट लागतं त्या पृष्ठभागावर कुठलाही लेप नको. रंग प्लास्टिकच्या अंगातच हवा.

आधी हे का होतं ते बघा. तो मऊ लेपही पॉलियुरेथेनच, पण बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या मऊ साखळ्यांचा आणि आडवे बंध कमी असलेला. मखमली स्पर्श येतो तो यामुळेच. या साखळ्यांमधले एस्टर बंध हवेतल्या ओलाव्याने तुटतात, उष्णतेत अजून भराभर. तुटताना आम्ल तयार होतं आणि तेच पुढच्या तुटण्याला हातभार लावतं. म्हणून वर्षानुवर्षं काही दिसत नाही आणि एकदा सुरुवात झाली की बघता बघता चिखल होतो. घाम, हाताचं तेल, क्रीम यांनी वेग वाढतो इतकंच. पिशवीतल्या बटणालाही ओलावा मिळतच होता, त्यामुळे तुमचा सीलबंद नग चिकट निघाला यात नवल नाही.

आता अ‍ॅल्युमिनियम. टॉर्कराव, दिसायला देखणं, मान्य. पण त्यातून उजेड जात नाही. उन्हात उभ्या गाडीत हात भाजतो. बटण जड झालं की खालच्या स्प्रिंगचा टकटकीत स्पर्श बदलतो. शिवाय काळं अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवरचा रंगवलेला ऑक्साइडचा थर) सेंद्रिय रंगाचं असेल तर उन्हाने जांभळट-तपकिरी होत जातं. गोल फिरवायच्या खुंटीला ठीक, रॉकर स्विचला नको.

थ्रीडी प्रिंटमध्ये पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकचं नावच काढू नका. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि बंद गाडीत कडक उन्हात डॅशबोर्ड ८० च्या पुढे जातो. एसएलए रेझिनचा (उजेडाने घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकचा) पृष्ठभाग सुंदर येतो, पण उजेडात ते आतून कडक होतच राहतं आणि मागचा क्लिप एक दिवस कट्कन तुटतो. पावडरवाल्या प्रिंटरचं नायलॉन १२ क्लिपसाठी मजबूत आहे, मात्र पृष्ठभाग खरबरीत आणि सच्छिद्र, हाताचा मळ धरून ठेवतो. माप जुळवायचे नमुने त्यात काढा, अंतिम बटण नाही.

अंतिम बटणाला एएसए प्लास्टिक घ्या. एबीएसचाच भाऊबंद, पण त्यातलं रबर अ‍ॅक्रिलिक असल्याने ऊन सोसतं. काजळीने काळं केलेले दाणे मिळतात. अ‍ॅल्युमिनियमचा एका पोकळीचा साचा तुमच्या बॅचला पुरेसा आहे.

साच्यात दोन जागी डोकं घालावं लागेल. पहिली म्हणजे संकोच. एएसए थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. ३० मिमीच्या बटणावर ते ०.१५ मिमी झालं. बटण आणि चौकटीतली फटच जवळपास तेवढी असते, म्हणजे हिशेब चुकला तर बटण एक तर घासेल नाही तर खुळखुळेल. मूळ बटण मोजायचं ते लेप काढून. आणि एकावर विसंबू नका, दोन-तीन गाड्यांमधली मोजा, कारण जुनं प्लास्टिक थोडं वाकलेलं असतं. स्कॅनर वापरलात तरी क्लिपचं माप व्हर्नियरने पडताळाच.

दुसरी जागा पोताची. मूळचा मॅटपणा लेपाचा होता, आता तो साच्यातून यायला हवा. स्पार्क इरोजनने (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरून) साच्याच्या पोकळीला बारीक कणीदार पोत द्या आणि बाजूच्या भिंतींना ड्राफ्ट (बटण सुटायला दिलेला किंचित उतार) थोडा जास्त ठेवा, नाही तर बटण बाहेर पडताना पोत ओरबाडला जातो. याचा एक तोटा आहेच. रोज बोट लागणारी जागा काही वर्षांनी किंचित चकाकायला लागेल. चिकटण्यापेक्षा चकाकी मी केव्हाही पत्करीन.

फोटॉन

साचेवाला, पण अख्खं बटण काळं केल्यावर उजेड कुठून येणार? चिन्हाच्या आकाराच्या आरपार खाचा पाडल्या तर मधले तुकडे सुटून पडतील की. डीफॉगरच्या चौकटीचा आतला भाग कशाच्या आधाराने राहणार?

साचेवाला

रास्त शंका. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. काळ्या टोपीचा (बटणाच्या बाहेरच्या कवचाचा) माथा साधारण ०.६ मिमी जाड ठेवा. टोपी आतून खरखरीत करून पारदर्शक कास्टिंग रेझिन भरा, त्यात चिमूटभर पांढरं रंगद्रव्य, म्हणजे उजेड सारखा पसरतो. ते घट्ट झालं की पुढून ०.४ मिमीच्या एंड मिलने (कोरायच्या बारीक फिरत्या पात्याने) चिन्ह कोरा आणि पांढरं लागलं की थांबा. मधले तुकडे मागच्या रेझिनला चिकटलेले असल्याने जागचे हलत नाहीत. कोरलेली खाच त्याच रेझिनने भरून सपाट करा, नाही तर तिथे मळ बसतो. चिन्ह पुसलं जायचं म्हटलं तर आधी ०.६ मिमी प्लास्टिक झिजायला हवं.

हजार्डचं बटण या पद्धतीत बसवू नका. लाल त्रिकोणाची टोपी वेगळी करा. चिन्हं मात्र मनाने रंगवू नका, आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकात ती ठरलेली आहेत.

मिडइंजिन

सगळ्यांचे आभार. डोक्यात बराच उजेड पडला! एक विचारतो. कास्टिंग रेझिन म्हणजे बहुतेक पुन्हा पॉलियुरेथेनच ना? आणि आत भरायचं म्हणजे दिव्याच्या अगदी जवळ. तोच रोग मागच्या दाराने नाही का येणार?

रंगारी

म्हणूनच मी म्हणतो, रंगवा. बिघडला तर सोलून परत रंगवता येतो, साचा एकदा चुकला की खर्च पाण्यात.

साचेवाला

रंगारी, आधी नायलॉनचे नमुने बसवून बघितल्याशिवाय साचा कापायचाच नाही. म्हणूनच ते सांगितले.

मिडइंजिन, रोग पॉलियुरेथेनचा नाही, पॉलिएस्टरच्या मऊ साखळीचा आहे. विकत घेताना पॉलिईथरवर आधारलेलं, कडक आणि अ‍ॅलिफॅटिक असं विचारून घ्या. त्याला ओलावा सहज खात नाही आणि ते पिवळंही पडत नाही. दिव्याची चिंता मात्र खरी आहे. तुमच्या काळातल्या गाड्यांत बारीक फिलामेंटचे बल्ब असायचे आणि ते तापतात. रेझिन नि बल्बमध्ये दोन-तीन मिमी मोकळे सोडा किंवा एलईडी बसवा. मात्र बल्बवर रंगीत टोपी असेल तर एलईडीने चिन्हाचा रंग बदलतो, तेव्हा एक लावून शेजारच्या बटणाशी अंधारात ताडून पाहा. त्याच वेळी टॉर्च मागे धरून टोपीच्या कडेने उजेड झिरपतोय का तेही बघा.

चाचणी घरच्या घरी होते. हवाबंद डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास टिकते. डबा ६०-७० अंशांवर काही आठवडे ठेवा, पण बटणं द्रावणाला टेकू देऊ नका. अर्ध्या नमुन्यांना सनस्क्रीन आणि डासांचं मलम चोपडा. मलमातलं डीट हे डास पळवणारं रसायन बऱ्याच प्लास्टिकला आणि लेपांना खातं, आणि गाडीत बसणाऱ्यांच्या हाताला ते असतंच. डब्यात एक मूळ लेपाचं, अजून न बिघडलेलं बटण टाकाच. ते चिकट व्हायच्या आत तुमचा नमुना पास झाला असं म्हणू नका.

एक बटण रंगारींच्या पद्धतीने रंगवून त्याच डब्यात ठेवा, म्हणजे आमचा वादही मिटेल.

रंगारी

चालेल. रंग माझा, डबा तुमचा. रंगवल्यावर आठवडाभर सुकू द्या, ताजा रंग डब्यात घातलात तर निकाल मी मानणार नाही.

मिडइंजिन

ठरलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीच्या स्विचपासून सुरुवात करतो, त्यालाच सर्वांत जास्त बोटं लागतात. मापं घेतली की इथेच टाकतो. ज्यांच्याकडे याच मॉडेलचे स्विच सुटे पडले आहेत त्यांनी लेप काढून क्लिपची रुंदी आणि पिनेच्या भोकाचा व्यास मोजून कळवा, डाव्या नि उजव्या स्विचचा वेगवेगळा.